किरकोळ आहेर : ‘श्यामची आई’तील दोन रात्रींविषयी

आमच्या मुंजीत आम्हांस ‘श्यामची आई’च्या तीन प्रती आहेरादाखल आल्या. साल १९६९. बटूस द्यावयाचे पुस्तक म्हटले की खजूरी बाजारातील दुकानदार त्या काळी न विचारता हेच पुस्तक काढून ठेवीत असावा, अशी आमची समजूत आहे. तिन्ही प्रतींच्या पहिल्या पानावर ‘मौंजीबंधनप्रीत्यर्थ सप्रेम भेट’ असा मजकूर निळ्या शाईत होता. पैकी एक प्रत आम्ही वाचून खिळखिळी केली, दुसरी थोरल्या बहिणीने ताब्यात घेतली आणि तिसरीचे ते पहिले पान वडिलांनी ब्लेडने हलकेच कापून ती पुढल्याच महिन्यात मल्हारगंजातील एका मुंजीत दिली. ह्या पुस्तकाच्या बाबतीत असे करावे काय, असा प्रश्न तेव्हा मनात आला होता. तो विचारण्याचे धैर्य मात्र नव्हते. आज सेवानिवृत्तीनंतर ते पुस्तक पुन्हा वाचताना वाटले की, देण्याघेण्याचा जो प्रश्न आम्ही गिळून टाकला, तोच गुरुजींनी ह्या पुस्तकात पानोपानी मांडला आहे. आणि आपण वाचकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

पुस्तकाची बाह्य हकीकत सर्वांस ठाऊक आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात असताना, अवघ्या पाच दिवसांत ह्यातील बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ साली तो ग्रंथरूपाने वाचकांसमोर आला. आई यशोदाबाई १९१७ सालीच निवर्तल्या होत्या, म्हणजे सोळा वर्षांच्या अंतरावरून मुलाने हे पाहिले आहे. पुढे आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला आणि आपल्या देशातील पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यास मिळाले. त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई उज्जैनच्या पवार घराण्यातल्या, तेव्हा पालगडच्या त्या आईचा जो चेहरा महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर राहिला तो मालव्याच्या लेकीचा, ही गोष्ट इकडच्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. २०२३ मध्ये त्याच नावाने आणखी एक चित्रपट निघाला. पुस्तक टिकून आहे ह्याविषयी वाद नाही.

वाद आहे तो पुस्तक वाचावे कसे ह्याविषयी. एक पक्ष ते डोळ्यांस पदर लावून वाचतो, मुलांकडून वाचून घेतो आणि ‘संस्कार’ ह्या एका शब्दात त्याची वासलात लावतो. दुसरा पक्ष, आणि त्यात आमच्या पिढीतील बरीच शिकलेली मंडळी आहेत, ते रडके म्हणून बाजूस सारतो. दोन्ही पक्षांचे वाचन आम्हांस अपुरे वाटते, कारण दोघेही अश्रू पाहतात आणि हिशेब पाहत नाहीत. आमची सारी नोकरी राज्य शासनाच्या हिशेबाच्या कागदांत गेली. त्यामुळे असेल, पण ‘श्यामची आई’ वाचताना आमची नजर प्रथम पैशाकडे जाते. कोणाचा पैसा, कोठून आला, कोणाच्या हातून गेला, हे गुरुजी कधीही विसरत नाहीत. गरिबाच्या घरात वाढलेल्या माणसालाच ही सवय असते.

‘आनंदाची दिवाळी’ ही रात्र घ्या. सण जवळ आला आहे, घरात चणचण आहे, वडिलांचे धोतर विरले आहे. आईस आपल्या भावाकडून भाऊबीज मिळालेली आहे. त्या पैशात स्वतःसाठी काही घ्यावे असा तिचा हक्क आणि तशी रीतही. पण ती त्यातून नवऱ्यासाठी नवे धोतर आणविते. एवढीच गोष्ट. आपण ती वाचतो आणि ‘केवढा त्याग!’ म्हणून पान उलटतो.

परंतु थोडे थांबून पाहिले तर ह्या लहानशा व्यवहारात फार काही दडलेले आहे. त्या घरातील जमीन, उत्पन्न, कर्ज, देवघेव ही सारी वडिलांच्या नावाची. आईच्या अंगावर जे काही होते तेही पुढे कर्जापायी जाणारच होते. मग तिचे स्वतःचे असे काय उरले? भावाने दिलेली ओवाळणी. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले, त्यात भावाने दिलेले धन स्वतंत्र मोजले आहे. हिंदू स्त्री आपल्या धनाची पूर्ण मालकीण झाली ती १९५६ च्या वारसा कायद्याने. ह्या गोष्टीच्या काळी त्याचा मागमूस नव्हता. तेव्हा त्या दिवाळीत आईने दिले ते घरातले पैसे नव्हेत. घरातला जो एकमेव पैसा घराचा नव्हता, तो तिने घरास दिला. आमच्या मते ह्या प्रकरणाचे सारे मर्म येथे आहे, आणि गुरुजींनी भाऊबीजेचा उल्लेख सहज केलेला नाही. धोतर उसने आणून, किंवा डब्यात साठवलेल्या किडुकमिडुकीतून आणले असते तरी त्याग तेवढाच दिसला असता. पण देणारीचे त्यात काय होते, हा प्रश्न उभा राहिला नसता.

येथे ओ. हेन्री ह्या अमेरिकन कथालेखकाची १९०५ सालची एक प्रसिद्ध नाताळची कथा आठवल्यावाचून राहत नाही. पुष्कळांनी ती महाविद्यालयात क्रमिक पुस्तकात वाचली असेल. तरुण जोडपे, घरात दारिद्र्य. बायको आपले लांबसडक केस विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेते; नवरा घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या घेतो. कथा सुंदर आहे, बेतलेलीही तितकीच आहे. तिच्यात दोघे देतात, दोघे गमावतात आणि तराजू समतोल राहतो. गुरुजींच्या गोष्टीत तराजू समतोल नाही. धोतर एकाने दिले, एकाने नेसले. नव्या धोतराच्या बदल्यात आईस काय मिळाले, हे विचारण्याची पद्धत त्या घरात नाही, आणि लेखकही ओ. हेन्रीप्रमाणे शेवटी काही जुळवून आणून वाचकाचे समाधान करीत नाही. आम्हांस तरी ह्या दोहोंत पालगडची गोष्ट अधिक खरी वाटते. आपल्या आजोळी, आपल्या वाड्यात, आपण पाहिले ते असेच होते.

वडिलांवर मात्र अन्याय होता कामा नये. ‘अळणी भाजी’ची रात्र आठवा. आई भाजीत मीठ घालावयास विसरली. वडिलांनी काही न बोलता ती खाल्ली, मुलांसही काही बोलू दिले नाही, आणि आई स्वतः जेवावयास बसली तेव्हा तिच्या ध्यानात आले. हीही एक देणगीच होय. तीस पैसा लागला नाही, इतकाच फरक. पुरुषाजवळ द्यावयास मौन होते, बाईजवळ भाऊबीज. दोघांनी आपापल्या जवळचे दिले, असे म्हणून आम्ही एकेकाळी आमचे समाधान करून घेत होतो. आता तसे होत नाही. मौन दिल्याने मौन संपत नाही, ते दुसऱ्या दिवशीही शिल्लक असते.

दुसरी रात्र ‘बंधुप्रेमाची शिकवण’. श्याम दापोलीस शिकावयास आहे. धाकट्या भावास अंगात घालावयास धड काही नाही, हे त्याच्या मनात सलते आहे. खाऊसाठी मिळालेले पैसे तो खात नाही, साठवितो. कापड घेऊन भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीस भर पावसात, ओढेनाले तुडवीत तो कोट घरी नेतो. आपण येथेही गहिवरतो आणि पुढे जातो. परंतु कोट पाहिल्याबरोबर आईचा पहिला प्रश्न कोणता? हे पैसे कोठले? चोरी तर केली नाहीस? मुलगा पावसात भिजून आला आहे, आणि आई कोटाची घडी उलगडण्यापूर्वी पैशाचा उगम विचारते आहे. आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांस आईचा राग आला होता. बारा वर्षांच्या मुलास तो येणारच.

पुढे नोकरीत असता दिवाळीच्या सुमारास दारात येणारे मिठाईचे डबे आणि सुक्या मेव्याच्या पेट्या आम्ही पाहिल्या. कोणते खाते, कोणता जिल्हा, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांतील काही परत केल्या, काही परत करावयास हव्या होत्या त्या केल्या नाहीत, हे लिहून ठेवणे प्राप्त आहे. एके वर्षी अशा एका पेटीच्या तळाशी चांदीची वाटी निघाली. आमच्या मातोश्रींनी ती हातात घेतली आणि विचारले, “ही कोणी दिली म्हणालास? आणि का?” त्या क्षणी ‘बंधुप्रेमाची शिकवण’ हे प्रकरण आम्हांस कळले. भेटवस्तूस इतिहास असतो आणि तो विचारण्याचा अधिकार घरातल्या बाईस आहे, हे गुरुजींच्या आईस ठाऊक होते. वाटी दुसऱ्या दिवशी परत गेली.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस ह्याचा देणगीविषयीचा निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. फुकट अशी देणगी जगात नसते. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच आहेत, असे त्याने दूरदूरच्या जमातींची उदाहरणे घेऊन दाखविले. इतके लांब जाण्याची त्यास गरज नव्हती. आपल्याकडील आहेराची वही त्याने पाहिली असती तरी काम झाले असते. फराळाचे ताट क्रोशाच्या रुमालाने झाकून शेजारी पाठवावे आणि शेजारणीने ते ताट रिकामे परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी, हा नियम रामबागेपासून जेलरोडपर्यंत कोणी लिहून ठेवला नव्हता, तरी कोणी मोडीतही नव्हते. आमच्या शेजारी मालवी कुटुंब होते. आमच्या चकल्या तिकडे जात, तिकडून गुजिया येत. पोहे आम्ही इकडे आणले असे म्हणतात, जिलबी त्यांनी आमच्या बशीत वाढली. आता दोहोंतले कोणते कोणाचे ते इंदुरात कोणी विचारीत नाही.

असो. ‘श्यामची आई’च्या मर्यादेविषयीही बोलले पाहिजे. ती मर्यादा अशी की, आई येथे बोलते ती मुलाच्या तोंडून. भाऊबीजेचे पैसे धोतरावर खर्च करताना तिच्या मनात क्षणभर तरी लुगड्याचा विचार आला असेल की नाही? मुलास ते दिसणे शक्य नव्हते; दिसले असते तरी सोळा वर्षांनी, तुरुंगात, आठवणीने व्याकुळ झालेल्या मनास ते लिहिता आले नसते. गुरुजींची निरीक्षणशक्ती मोठी आहे, भक्ती त्याहून मोठी आहे, आणि जेथे दोहोंचा झगडा होतो तेथे भक्ती जिंकते. म्हणून आम्ही वाचकांस नेहमी सुचवितो की हे पुस्तक एकटे वाचू नये; त्याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवावी. योगायोग असा की ती १९३४ ते १९३६ ह्या काळात, म्हणजे जवळपास त्याच सुमारास प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांचा दानशूरपणा सर्वश्रुत आहे. त्यांनी उदार हाताने दिले की घरात काय उरते, हे मात्र चूल पेटविणारीच सांगू शकते, आणि लक्ष्मीबाई ते सांगतात. तक्रार न करता सांगतात, हसत सांगतात, आणि हसता हसता नवऱ्याच्या उदारपणाचा पुरता जमाखर्च वाचकापुढे मांडून मोकळ्या होतात. तेथे लेखणी बाईच्या हातात आहे. यशोदाबाईंच्या हातात ती असती तर ‘आनंदाची दिवाळी’ आपण आज कशी वाचली असती, ह्याचा विचार करून पाहण्यासारखा आहे.

आपल्या इंदुरात असा विचार करणारी एक लेखिका होऊन गेली. मालती जोशी ह्यांचे शिक्षण येथल्या होळकर महाविद्यालयात झाले, त्यांनी हिंदीत विपुल आणि मराठीतही लिहिले, २०१८ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली आणि मे २०२४ मध्ये त्या गेल्या. हिंदीवाल्यांनी त्यांस आपले मानले. आपण मराठी मंडळींनी ‘घरगुती कथा लिहितात’ असे म्हणून त्यांची बोळवण केली, हे आमचे स्पष्ट मत आहे. घरगुती हा शब्द आपण कमीपणाचा करून ठेवला आहे. सुनेने, नणंदेने, आईने एखाद्या समारंभाच्या दिवशी मनात काय गिळले, हे त्यांच्या कथांतून ज्या संथपणे येते ते साधणे सोपे नाही. त्यांच्या कथांवर आपल्या पत्रिकेत सविस्तर लेख यावयास हवा. तो आमच्यापेक्षा एखाद्या भगिनीने लिहावा.

आता थोडे आपल्याच पानांविषयी. गेली कित्येक वर्षे आपल्याकडील विशेषांकांत ‘आमच्या लहानपणचे सण’ ह्या धर्तीचे लेख येतात. आम्हीही एक लिहिला होता आणि त्याचे कौतुकही झाले होते. त्या लेखांत पहाटेचे अभ्यंगस्नान असते, पाण्यात बुडविलेल्या पणत्यांचा वास असतो, बाळंतविड्यातील कुंची आणि दुपटे असते, संक्रांतीचा काटेरी हलवा असतो. सारे खरे असते आणि तरी सारे एकसारखे असते, कारण प्रत्येक लेखातली आई ही ‘श्यामची आई’ची नक्कल असते, ती दमत नाही, तिचे काही दुखत नाही. हलव्याचे दागिने लेखात लखलखतात. ते करणारीची बोटे कोणी लिहीत नाही. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर पाकाचा थेंबथेंब आणि उघड्या बोटांनी अखंड हालविणे. काटा चांगला फुलतो तो पौषातल्या पहाटेच्या गारठ्यात, म्हणून चार वाजता उठणे. आम्ही मुले त्या वेळी गोधडीत असू आणि उजाडल्यावर गिल्लीदांडू घेऊन बाहेर पडू. संक्रांतीस गिल्लीदांडू हा मालव्याचा शिरस्ता. घरी आल्यावर वाटीत हलवा तयार असे. तो आपोआप होत असावा, असे आमच्या त्या लेखावरून कोणासही वाटावे.

आमच्या घरी तो हलवा आमच्या थोरल्या काकू करीत. त्या बालविधवा म्हणता येणार नाहीत. पंचविशीच्या आत वैधव्य आले, मूलबाळ नव्हते, सारा जन्म आमच्या रामबागेतील घरात गेला. शेजारपाजारच्या नव्या सुनांच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने, तन्मणी, बाजूबंद, बिंदी, सारे त्यांच्या हातचे जाई. ज्या हळदीकुंकवास ते दागिने मिरवले जात त्याचे बोलावणे त्यांस अर्थातच नसे. ह्यात कोणास काही वावगे वाटत नसे. आमच्या मातोश्रींसही नाही, आणि आम्हांस तर मुळीच नाही. आमच्या त्या कौतुक झालेल्या लेखात हलवा होता, काकू नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी ते जुने घर आवरताना कपाटात थोरल्या बहिणीच्या लग्नातली आहेराची वही सापडली. लग्न १९७६ चे. वडिलांचे टपोरे बालबोध अक्षर, चार रकाने : नाव, गाव, आहेर, शेरा. नगद ११ रुपये. नगद ५ रुपये. स्टीलचा डबा झाकणासह. पितळी समई. ‘शेरा’ ह्या रकान्यात, ‘ह्यांचेकडे मार्गशीर्षात कार्य, तेव्हा ११ पाठवावे’ अशी टाचणे. मॉसने पाहावी अशी वही, असे वर म्हटले ते हिलाच उद्देशून. शेवटच्या पानावर सर्वांत खाली एक ओळ आहे : ‘घरातील बायकांचे, किरकोळ.’ पुढे आकडा नाही, नाव नाही.

कचेरीत आम्ही ह्याच अर्थी ‘विविध’ असे लिहीत आलो. ज्या खर्चास शीर्ष सापडत नाही तो विविध. अंकेक्षक तेथे नेहमी बोट ठेवतात, कारण खरी गोष्ट बहुधा तेथेच असते.

त्या किरकोळात काय होते ते आम्हांस थोडेफार आठवते. मोत्यांचे तोरण, भरतकामाचे रुमाल, रुखवतातली साखरेची बाग आणि काकूंनी शिवलेली एक गोधडी. चार महिने त्या ती शिवीत होत्या. बहीण आता पुण्यास असते. आम्ही तिला दूरध्वनी करून विचारले, त्या आहेरातले आज तुझ्याकडे काय आहे? स्टीलचे डबे केव्हाच मोडीत गेले, समई एका भाचीला दिली. गोधडी आहे, म्हणाली. मग जरा थांबून तिने जे सांगितले ते आम्हांस साठ वर्षे उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी गोधडीचे वरचे कापड विरले आणि आतून हिरवे महेश्वरी डोकावू लागले. तिने आईस विचारले. आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, ते काकूंच्या दिवाळसणाचे लुगडे. एकदाच नेसल्या होत्या. तीस वर्षे ट्रंकेत होते.

महेश्वरी वस्त्राची परंपरा अहिल्यादेवींच्या काळापासून सांगतात. विणकर महेश्वरास आणून वसविले ते पाहुण्यांस आणि आप्तेष्टांस देण्यायोग्य वस्त्र घरचे असावे म्हणून, असे म्हणतात. देण्यासाठीच जन्मास आलेले ते कापड. पण विधवेच्या लुगड्याचा तुकडा नववधूच्या पांघरुणात घालणे त्या काळी कोणी चालवून घेतले नसते. म्हणून ते आत गेले आणि वर जुन्या साध्या लुगड्यांची अस्तरे आली. आईस ठाऊक होते. ती बोलली नाही. वडिलांस ठाऊक नव्हते. त्यांनी ‘किरकोळ’ लिहिले. काकूंजवळ त्यांची स्वतःची अशी जी एकच वस्तू होती ती त्यांनी दिली आणि दिल्याचे कोणास कळू नये ह्याचीही व्यवस्था केली. पालगडच्या आईस निदान धोतर नवऱ्याच्या हातात देता आले. तिच्या मुलाने पुढे ते लिहूनही ठेवले.

अलीकडे निमंत्रणपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात. हे ठीकच झाले. वह्यांचा जाच संपला. संक्रांतीचे वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या घरोघर फिरतात, हलव्याचे दागिने आणि रुखवत सांगून करवून घेता येते, आणि ते करणाऱ्या भगिनींस त्याचे दाम मिळते, ह्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. उलट काकूंस कोणी एका तन्मण्याचे दोन रुपये दिले असते तर त्या हिरव्या लुगड्यावर कात्री चालविण्याची वेळ आली नसती. हाताने केलेली वस्तू म्हणजे प्रेम आणि विकत आणलेली म्हणजे व्यवहार, अशी सोपी वाटणी आपल्या आठवणलेखांत फार होते. गुरुजींनी ती केलेली नाही. श्यामचा कोट शिंप्याने शिवलेला आहे आणि आईने आणविलेले धोतर दुकानातले आहे. वस्तू कोणी केली ह्यापेक्षा ती देणाऱ्याच्या जवळ नंतर काय उरले, इकडे त्यांचे लक्ष आहे.

पुढल्या विशेषांकासाठी लिहिणाऱ्या स्नेह्यांस आमची एक विनंती आहे. हलवा लिहावा, फराळ लिहावा, गोधडी अवश्य लिहावी. पण करणारीचे नाव लिहावे, आणि तिच्याजवळ स्वतःचे किती पैसे असत तेही आठवल्यास लिहावे. मुलाने लिहिलेल्या आईइतकीच आपल्याला काकूने न लिहिलेली काकू हवी आहे.

बहिणीने गोधडीचे छायाचित्र मोबाइलवर पाठविले. बराच वेळ आम्ही त्यात हिरवा रंग शोधीत होतो, दिसेना. पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली की वरचे विरलेले कापड तिने त्याच वर्षी बदलले, नवे अस्तर घालून आतले झाकून टाकले. फक्त एका कोपऱ्याशी काठाचे बोटभर टोक तिने बाहेर ठेवले आहे. महेश्वरीचा काठ दोन्ही अंगांनी सारखा असतो, तेव्हा उलटे की सुलटे ते कळत नाही. पुढल्या खेपेस पुण्यास आलास की दाखवीन, म्हणाली.